कांताबाईच्या नावानं दिलेलं रक्त

कांताबाईची रोवणी पाहायची असेल तर तिच्या हातांकडे पाहू नये, पायांकडे पाहावं. हात सगळ्यांचेच चालतात. धानाचं रोप लावताना बाई मागं मागं सरकते आणि चिखलातून पाय उचलला की तिथं खड्डा राहतो. नवख्या बाईचं रोप त्या खड्ड्यात जातं आणि दुसऱ्या दिवशी पाण्यावर तरंगतं. कांताबाई पाय उचलता उचलता टाचेनं चिखल ओढून खड्डा बुजवते. हे तिला कोणी शिकवलं नाही, तिनंही कोणाला शिकवलं नाही. ज्यांनी पाहिलं त्या शिकल्या. मी पाहिलं, म्हणून पुष्कळ वर्षं तिच्या शेजारची पात मला मिळाली. पात म्हणजे बांधीतली, धानाच्या खाचरातली, प्रत्येकीच्या वाट्याची पट्टी. आता माझे गुडघे गेले. मी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसते आणि रोवणाऱ्या बायांची लेकरं सांभाळते. हे काम रोवणीपेक्षा हलकं आहे असं कोणी समजू नये. रोप एकदा लावलं की निदान जागेवर राहतं.

आमचं गाव सावली तालुक्यात, धानाच्या पट्ट्यात. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, तयार झाली की बायांच्या टोळ्या गुत्त्यानं, ठोक मजुरीवर, रोवणी घेतात. गुत्ता घेतला की बायांची संख्या मोडायची नाही, कारण एक कमी आली तर बाकीच्यांच्या पाता रुंद होतात. म्हणून आमच्या टोळीत रिवाज आहे. जिला यायला जमत नाही तिनं आपल्या घरातून बदली द्यायची. बदली धडधाकट पाहिजे. आणि बदलीवर आलेल्या माणसाचं काम मूळ बाईच्या नावावर जातं, इतकं की त्याला दिवसभर हाकही तिच्याच नावानं मारतात. एका पावसाळ्यात सुमनबाईला ताप होता, तर तिचा नवरा मुखरू आला. डोक्याला टॉवेल, तोंडात तंबाखूचा खर्रा.

कांताबाईनं हाक मारली, "सुमनबाई!"

मुखरू म्हणाला, "हो."

"सुमनबाई, तुमची पात सापावानी चालली."

"सरळ करून राह्यलो ना वो."

कोणी हसलं नाही. निदान जेवणाच्या सुट्टीपर्यंत तरी नाही.

या टोळीची म्होरकी कांताबाई. कडेची पहिली पात तिची, बाकीच्या तिच्याकडे पाहून सरळ राहतात. वय पन्नासच्या आसपास. नवरा लटारू, शांत माणूस. मुलगा अजय कोरपन्याकडे सिमेंटच्या कारखान्यात आहे, महिन्यातून एखाद्या वेळी येतो. सून करिष्मा आणि तिची दूध पिती पोरगी कांताबाईजवळ राहतात.

आमच्याकडच्या बायांना एकच दुखणं होतं, ते म्हणजे कंबर. शाळकरी पोरीला पाळीत कळा येत असल्या तरी ती कंबर. अंगावरून पांढरं जात असलं तरी कंबर. बाळंतपणं होऊन होऊन म्हातारपणी अंग खाली उतरलं, बसणं-उठणं कठीण झालं, तरी कंबरच. आशाताई प्रिया घरोघर विचारत फिरली की तिला एवढंच ऐकायला मिळायचं. एकदा वरून कोणी साहेब आले आणि सगळ्या गावाला कमरेचा मलम वाटून गेले. मलम चांगला होता. मुलांनी तो सायकलच्या चेनला लावला.

कांताबाईची कंबर दोन वर्षांपासून दुखत होती. म्हणजे पाळी जाण्याच्या वयात जायचं सोडून येतच राहिली होती. आली की आठ-आठ दिवस मुक्काम, आणि इतकं जायचं की ती पाण्याच्या पाटात उभी राहून लुगडं धुऊन पुन्हा कामाला लागायची. धुऱ्यावर चढली की तिला धाप लागे. मी विचारलं तर म्हणे, "धुरा उंच केला हरिदासभाऊनं." शेतमालक हरिदासभाऊचा धुरा तेवढाच होता. मी त्यावर रोज बसते.

प्रिया तिच्या मागं लागली होती, "कांताबाई, तपासून घ्या." पण कांताबाईला एक भीती होती आणि ती मला माहीत होती. आदल्या साली टोळीतल्या सुकलूच्या बायकोचं रक्त कमी निघालं. घरच्यांनी तिला चिखलात जाऊ दिलं नाही. तिची पात दुसरीला गेली आणि ती परत मिळाली नाही. कांताबाई सुईला भीत नव्हती. पहिली पात जाईल, ही भीती होती.

यंदा रोवणी लागायच्या आधी विहारात बायांच्या तपासणीचं शिबिर ठेवलं. प्रियानं टोळीतल्या प्रत्येकीकडून वचन घेतलं. कांताबाईनंही दिलं. मग शिबिराच्या दिवशी, बुधवारी सकाळी तिनं करिष्माला सांगितलं, "मले पऱ्ह्यात पाणी पाहा लागते. तू जा माह्या नावानं."

करिष्मा म्हणाली, "आई, रक्त काढते म्हणते थे."

"काढू दे ना. तू जवान हायेस. चांगलं निघल."

तिच्या लेखी यात लबाडी नव्हती. वचन मोडलं नव्हतं, बदली दिली होती. आणि बदली धडधाकट द्यावी, तशीच दिली होती. करिष्मालाही नाही म्हणता येईना. यंदा पहिल्यांदा तिला टोळीत स्वतःची पात मिळणार होती, तीही सासूच्या शेजारची.

मी गुडघ्यांसाठी गेले होते. प्रिया नेमकी त्या दिवशी एका बाळंतिणीला घेऊन सावलीला गेलेली. शिबिरात होती रिना सिस्टर, नवीन, गावात कोणाला न ओळखणारी. करिष्मानं पोरगी माझ्या मांडीवर दिली, पदर कपाळापर्यंत ओढला आणि हाक आल्यावर खुर्चीवर जाऊन बसली.

"कांता लटारू खोब्रागडे?"

"हो."

"वय?"

"पन्नास."

सिस्टरनं मान वर केली. "किती?"

"पन्नास. एखादं मागंपुढं असंल."

"तब्येत छान राखलीय हो बाई. काय खाता?"

"भात."

सिस्टरनं मागच्या बायांना सांगितलं, "बघा, यांच्याकडून शिका." मागच्या बाया सगळ्या आमच्या टोळीच्या. त्यांनी माना हलवल्या. बदलीवर आलेल्याला उघडं पाडत नाहीत.

"मुलं?"

"एक पोरगा. लगन झालं त्याचं."

"म्हणजे सून आहे. कशी आहे?"

"लय चांगली," करिष्मा म्हणाली. "बिचारी."

मी पोरीच्या डोक्याला तोंड लावून बसले, म्हणजे तोंड दिसणार नाही.

"पाळी बंद झाली?"

"नाई. येते तवा जायचं नावच घेत नाई."

"अंगातून गरम वाफा निघतात? घाम येतो? चिडचिड होते?"

करिष्मानं थोडा विचार केला. "वाफ त होते. मंग चिडतो मी."

"कोणावर?"

"साऱ्याइवर. सुनेवर जास्त."

"या वयात होतं तसं. सुनेला समजावून सांगायचं."

"तिले समजते," करिष्मा म्हणाली. "ती काई बोलत नाई."

तेवढ्यात पोरीला भूक लागली. माझ्या मांडीवरून ती सरळ करिष्माकडे झेपावली आणि तिच्या पदरात तोंड खुपसू लागली. सिस्टर म्हणाली, "नात भारी लाडकी दिसते आजीची!"

"हो ना," आजी म्हणाली आणि नातीला घेऊन खांबाच्या आड गेली.

नळीभर रक्त सावलीला गेलं. मला सिस्टरनं हाडं ठिसूळ झाली म्हणून गोळ्या दिल्या आणि उन्हात बसायला सांगितलं. उन्हात बसण्याचा सल्ला मला पहिल्यांदाच मिळाला. आजवर सगळे उन्हातून उठून काम कर एवढंच सांगत होते.

दोन-तीन दिवसांत हरिदासभाऊच्या बांधीत रोवणी लागली. कांताबाई पहिल्या पातीवर, शेजारी करिष्मा, मग सुमनबाई आणि बाकीच्या. मी धुऱ्यावर मोहाच्या झाडाखाली लेकरं घेऊन. हरिदासभाऊ पऱ्ह्यांच्या पेंढ्या फेकत होता. जंगल बांधीला लागून आहे, वाघाचा माग दोनदा दिसला होता. म्हणून तो मधून मधून डबा वाजवायचा आणि बाकीचा वेळ घाई करायचा.

जेवणाच्या आधी प्रियाची स्कूटी वाटेवर दिसली. ती चिखलाच्या कडेला थांबली आणि तिथूनच ओरडली, "कांताबाई! बाहेर या! तुमचा रिपोर्ट आला!"

"मंग तिथूनच सांग!"

"रक्त साडेसहा हाय तुमचं!"

"किती पायजे?"

"बारा!"

"बरं, उरलेलं उद्या पाहू," कांताबाई म्हणाली आणि रोप लावलं.

"मजाक नाई! मॅडम म्हणते आताच आणा. गाडी बोलावली मी. एवढ्या रक्तावर माणूस उभ्या उभ्या पडते!"

कांताबाई कमरेवर हात ठेवून सरळ झाली आणि हसली. खूप वेळ हसली. "अवो प्रिया, मी पडली काय? सकाळपासून सगळ्याइच्या पुढं हाओ. थे रक्त माहं नोहे. मी बदली देल्ली होती."

"बदली? कोणाची?"

कांताबाईच्या हातात रोपांची मूठ होती. ती वळून शेजारच्या पातीकडे पाहू लागली.

करिष्मा तिच्या पातीवर उभी होती. तिच्या पायांमागचे खड्डे बुजलेले नव्हते, रोपं आडवी पडून तरंगत होती. रोवता येत नव्हतं म्हणून नव्हे. सकाळी पहिल्या प्रहरात तिनं कांताबाईसारखीच टाच ओढली होती. नंतर ओढायला जोर राहिला नव्हता. तिचे ओठ राखेसारखे दिसत होते.

"मी ठीक हाओ, आई," ती म्हणाली.

टोळीत लगेच वाद सुरू झाला. सुमनबाई म्हणाली, "बदलीचं काम मूळ नावावर जाते. म्हणजे कमी रक्त कांताबाईचंच धरा लागते."

दुसरी म्हणाली, "काम नावावर जाते वो, रक्त कसं जाईल?"

"मंग त्या सालात मुखरूची पात माह्या नावावर काऊन लावली? वाकडी होती तरी?"

हरिदासभाऊ धुऱ्यावरून म्हणाला, "रक्ताचं मंग पाहा वो बायाहो, पऱ्हे सुकून राह्यले!"

कांताबाईनं आजवर अर्धी पात कधी सोडली नव्हती. अजयच्या वेळी कळा लागल्या तेव्हाही पात पुरी काढूनच धुऱ्यावर आली होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. या वेळी तिनं हातातली मूठ तशीच चिखलात टाकली. करिष्माचा दंड धरला आणि तिला बाहेर ओढलं. धुऱ्यावर दोघींनाही चढता येईना. एक चढे तर दुसरीला धाप लागे. शेवटी मी वरून हात दिला. माझ्या गुडघ्यांचं त्या दिवशी कोणी विचारलं नाही.

वर आल्यावर कांताबाई वळली. "हरिदासभाऊ."

"हां."

"उतरा."

"कुठी?"

"बांधीत. पाता उघड्या राह्यल्या."

"मी? मी त मालक हाओ."

"मंग पाता तुमच्याच हायेत," कांताबाई म्हणाली.

गाडी आली. बाकीची लेकरं त्यांच्या आयांकडे देऊन आम्ही तिघी आणि पोरगी बसलो, प्रिया स्कूटीवर मागं. गाडी वळताना मागून सुमनबाईचा आवाज आला, "कांताबाई, पात सरळ ठेवा!" आणि हरिदासभाऊचं बारीकसं "हो."

सावलीच्या दवाखान्याच्या दारात रिना सिस्टरच उभी होती. तिनं करिष्माला पाहिलं आणि पुढं धावली. "या कांताबाई, या. घाबरू नका. मी घरी जाऊन आईला सांगितलं तुमचं, पन्नाशीची बाई कशी असावी म्हणून. अन् रिपोर्ट बघते तर हे." मग कांताबाईकडे वळून म्हणाली, "तुम्ही आई यांच्या?"

कांताबाई म्हणाली, "मी कांताबाई."

"मग या कोण?"

"हे बी कांताबाई. बुधवारची."

आत डॉक्टर दिव्यानी मॅडम होत्या. वयानं लहान, आवाजानं मोठ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रागावतील असं वाटलं होतं, तर आधी त्यांनी करिष्माच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, सिस्टरला दोन-तीन कामं सांगितली आणि मग रागावल्या. "तुम्ही हिला घेऊन आलात म्हणून ठीक. गाडीत तुम्ही एकट्याच बसून आला असता, तुमचं रक्त तपासून आम्ही तुम्हाला परत पाठवलं असतं, आणि ही तिकडे चिखलात पडली असती. कळतंय?"

"कळते," कांताबाई म्हणाली. एवढ्या लहान आवाजात बोलताना मी तिला ऐकलं नव्हतं.

करिष्माला पलंगावर घेतलं. मॅडमनी विचारलं, "गरोदरपणात लोहाच्या गोळ्या घेतल्या?"

करिष्मा छताकडे पाहू लागली. कांताबाई म्हणाली, "मीच नाई घेऊ देल्ल्या. पोर मोठं होते म्हणते, बाळंतपण अडते."

"आणि नंतर?"

"नंतर गाईच्या दाव्याजवळ ठेवल्या होत्या. मंग कुठी गेल्या मालूम नाई."

"जेवण?"

"जेवते ना. घरात धान कमी नाई."

"कधी जेवते?"

आमच्या घरांत सून सगळ्यांच्या मागून जेवते, आणि करिष्माची पोरगी झोपल्यावर जेवायची. कांताबाईला पहाटे कामावर जायचं असे, ती वेळेवर निजायची. सून जेवते हे तिला माहीत होतं. काय जेवते हे पाहायला ती जागी नव्हती.

"करिष्मा, मागं काय उरे?" तिनं विचारलं.

"भात उरे, आई."

"अन् दाळ?"

"पाणी उरे तिचं."

"मंग सांगतली काऊन नाई?"

"तुमी चिडता म्हणून."

"मी कवा चिडली तुह्यावर?" कांताबाई चिडून म्हणाली.

रिना सिस्टर सलाईन लावत होती. तिला वाईट हेतू नव्हता. तिनं सहज सांगितलं, "अहो, शिबिरात यांनीच सांगितलं ना. साऱ्यांवर चिडते, सुनेवर जास्त. म्हणजे तुमच्या वतीनं सांगितलं."

मी पोरीला थोपटायला लागले, ती झोपलेली असतानाही. करिष्मानं डोळे मिटून घेतले. कांताबाई सिस्टरला म्हणाली, "बरोबर सांगतलं तिनं. बदली चांगली होती."

करिष्माला रक्त चढवावं लागणार होतं. मॅडम म्हणाल्या, रक्ताची सोय होते, पण घरून कोणी रक्त दिलं तर बरं. कांताबाईनं लगेच हात पुढं केला. "माहं घ्या. तिच्या जागी."

"तुमचं तपासल्याशिवाय नाही."

"तपासा."

तपासलं. तिचं आठ निघालं. मॅडम म्हणाल्या, "तुम्हालाच भरायला हवं. बसा खाली. तुमची बदली इथं चालत नाही."

मग तपासणीत तिचाही नंबर लागला. त्या दिवशी गावाच्या बाहेर पहिल्यांदा कांताबाईनं कंबर सोडून खरं सांगितलं. किती दिवस जातं, किती जातं, कापड किती लागतं. मी बाजूला होते. इतकी वर्षं शेजारच्या पातीवर राहून मला त्यातलं अर्धं माहीत होतं. पोटाची सोनोग्राफी झाली. गर्भाच्या पिशवीत गाठ होती.

"केवढी हाये?" कांताबाईनं विचारलं.

"मोसंबीएवढी."

"म्हणजे दोन साल मी पोटात मोसंबी घेऊन रोवली?"

"हो."

कांताबाईनं माझ्याकडे पाहिलं. तिला त्याचा अभिमान वाटला होता, ते मला दिसलं. मॅडमलाही दिसलं. त्या म्हणाल्या, "यात शाबासकी नाही. दोन वर्षांपूर्वी आला असता तर ती लिंबाएवढी असती. आता गोळ्या घ्यायच्या, रक्त वाढवायचं, मग ऑपरेशन. तोवर चिखल बंद."

"पात जाईल माही."

"जाऊ दे."

"मॅडम, तुमची खुर्ची कोणी घेतली त तुमी काय करसान?"

मॅडमनी करिष्माच्या पलंगाकडे बोट केलं. पिशवीतून कोणा परक्याचं रक्त नळीतून उतरत होतं. करिष्मा झोपली होती आणि तिच्या ओठांवर अजून राखच होती. कांताबाई तिकडे पाहत बसली. मग तिनं विचारलं, "गोळी जेवणाआधी काय जेवणानंतर?"

संध्याकाळी लटारूभाऊ डबा घेऊन आला. त्यानं स्वतः अंडी रांधली होती. त्याला प्रियानं फोनवर सांगितलं होतं की दोघींचं रक्त कमी आहे. करिष्माचं त्याला पटलं. कांताबाईचं पटेना. "हिचं कमी? तुमी हिले बोलताना ऐकलं काय?" तो मॅडमना विचारत होता. अंड्याच्या रश्शात तिखट इतकं होतं की करिष्माच्या गालांवर लगेच रंग आला. सिस्टरला वाटलं रक्त लागू पडलं.

करिष्मा घरी आली आणि तिचा खरा त्रास सुरू झाला. कांताबाईनं ताटाचा क्रम फिरवला. पहिलं ताट करिष्माचं. पण कांताबाई कोणतंही काम अर्धवट होऊ देत नाही, ती समोर बसून राहायची. तरोट्याची भाजी, शेवग्याचा पाला, झिंगे, अंडं, वर लिंबू.

"आई, पोट भरलं."

"कडंची भाजी कोणासाठी ठेवली? पात पुरी कर."

एकदा करिष्मा माझ्याकडे येऊन म्हणाली, "रुखमाबाई, मागून जेवत होतो तवा निदान निवांत त जेवत होतो." पण तिचे गाल भरत होते. गोळ्यांनी शौच काळं झालं तेव्हा कांताबाई भ्यायली आणि प्रियाला उठवायला गेली. गोळीबरोबर चहा चालत नाही म्हणून तिनं चहाची वेळ बदलली, आणि चहा होईपर्यंत कोणी तिच्या दारावरून जात नव्हतं.

रोवणी तिच्याविना झाली. तिची पहिली पात सुमनबाईनं धरली. हरिदासभाऊनं रोवलेल्या दोन पाता अख्ख्या गावानं येऊन पाहिल्या. तो म्हणतो, ती रोपं इतरांपेक्षा उंच आहेत. उंच नाहीत, विरळ आहेत.

धुऱ्यावर बसून कांताबाईला एक दिवस निघेना. दुसऱ्या दिवशी ती प्रियाकडे गेली आणि टोळीतल्या बायांना घेऊन दवाखान्यात निघाली. सुकलूची शाळकरी पोरगी नंदिनी, पांढरं जाणारी सुमनबाई, अंग खाली उतरलेली सुमनबाईची म्हातारी सासू. हजेरी स्वतः घेतली. नाव पुकारायची आणि प्रत्येकीचा पदर मागं करून तोंड पाहायची. म्हातारीला मॅडमनी आत बसवायचं रबराचं कडं दिलं. ती परत येताना गाडीत सरळ मांडी घालून बसली आणि म्हणाली, "इतकी सालं मलम लावत होतो मी. कुठी लावत होतो, मलेच मालूम."

दिवाळीच्या आधी दोघींचं रक्त पुन्हा तपासलं. दोघीही स्वतः गेल्या. करिष्माचं अकराच्या वर गेलं, कांताबाईचं दहाच्या थोडं वर. कांताबाई म्हणाली, मशीन खराब आहे. मॅडम म्हणाल्या, "मशीन चांगलं आहे. तुमची गाठ रक्त खाते." करिष्माला धान कापायला परवानगी मिळाली. कांताबाईला ऑपरेशनची तारीख.

ती म्हणाली, "कापणी होऊ द्या, मंग करा."

"कापणी दर वर्षी होते," मॅडम म्हणाल्या.

गडचिरोलीला ऑपरेशन झालं. तिथून निघताना डॉक्टरांनी सांगितलं, तीन महिने ओझं उचलायचं नाही. कांताबाईनं विचारलं, "भांडण?"

"हळू आवाजात."

ती हळू आवाजात भांडत होती. चार घरं पलीकडे काही ऐकू येत नव्हतं. लोक उगीच येऊन विचारून जात, बरं आहे ना म्हणून.

कापणीला ती धुऱ्यावर माझ्या शेजारी येऊन बसली. पोरगी आता रांगत होती, आम्ही दोघी मिळूनही तिला पुरत नव्हतो. बांधीत पहिल्या पातीवर करिष्मा होती. सुमनबाईनं ती सोडली होती. टोळीनं ठरवलं की घरातली पात घरात राहावी. दुपारी करिष्मा भारे बांधायला लागली. एक भारा धुऱ्याजवळ पडला होता. कांताबाई उठली, इकडंतिकडं पाहिलं आणि त्याला हात घातला.

"आई," करिष्मा बांधीतून म्हणाली. मोठ्यानं नाही. "ठेवा तो भारा."

"फक्त सरकवतो."

"ठेवा."

सगळ्या बाया थांबल्या. विळे हातात. सुमनबाईनं तोंडातला खर्रा चघळायचा थांबवला. कांताबाई भाऱ्यावर हात ठेवून वाकलेली, आणि सून बांधीत विळा घेऊन उभी.

कांताबाईनं हात काढला. खाली बसली. पोरीला मांडीवर ओढलं. मग म्हणाली, "सैल बांधला हाये. डोक्यावर घेतला की सुटल."

"सुटत नाई," करिष्मा म्हणाली आणि पुन्हा वाकली.

भारा सैलच होता. वाटेत सुटला. करिष्मानं तो पुन्हा बांधला, या वेळी पेंढ्याला दोन पीळ देऊन, आणि धुऱ्याकडे न पाहता उचलून घेऊन गेली. कांताबाई पाहत होती. दुसरा पीळ थोडा कमी पडला होता, ते दिसल्यावर तिनं तोंड पोरीकडे वळवलं. पण वाटेत भारा टिकला.